इलेक्ट्रॉनवर चॅट ॲप: तीन वर्षं वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. डेस्कटॉपवर चालणारं चॅट ॲप करायचं आहे, करणारी माणसं दोनच आहेत आणि वापरणाऱ्यांकडे विंडोज, मॅक, लिनक्स अशी खिचडी आहे, तर इलेक्ट्रॉन (वेब पानासारखं लिहून डेस्कटॉप ॲप करायचा सांगाडा) घ्या. मेमरी खातो म्हणून त्याला ज्या शिव्या पडतात त्या बऱ्याचशा रास्त आहेत. तरी घ्या.

मी बिबवेवाडीत राहते. हिंजवडीतली नोकरी सोडल्यापासून घरातल्याच एका खोलीत मी आणि माझा भाचा असं दोघांचं दुकान चालतं. २०२२च्या पावसाळ्यात मार्केट यार्डातले एक शेठ आले. भुसार मालाचे आडते. गाळा गुलटेकडीला, गोदामं दोन वेगळ्या ठिकाणी, आणि हिशेब बघणारी सून औंधहून मॅकवर काम करते. एकूण अकरा संगणक. त्यांचं दुखणं असं की भाव, आवक, पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे) फोटो सगळं माणसांच्या खासगी मोबाइलवर पडतं, आणि माणूस काम सोडून गेला की अर्धा हिशेब त्याच्या खिशातून जातो. "आपल्या संगणकावर, आपल्या ताब्यात चालेल असं काहीतरी द्या," एवढीच मागणी. शिवाय तीन महिन्यांत.

विंडोजसाठी वेगळं, मॅकसाठी वेगळं आणि गोदामातल्या उबुंटू लिनक्ससाठी वेगळं लिहायला आमच्याकडे ना माणसं होती ना वेळ. टेलिग्रामचं डेस्कटॉप ॲप सी प्लस प्लस आणि क्यूटीत लिहिलेलं आहे, आणि हलकं म्हणजे किती हलकं असावं याचा तो नमुना आहे. पण ती माणसं आणायची कुठून? आम्हाला येत होतं ते एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट.

इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते थोडक्यात. अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड जेएस एकत्र बांधून त्यावर तुमचं वेब पान ॲप म्हणून चालवायचं. २०१३ साली गिटहबमध्ये चेंग झाओ यांनी ॲटम या एडिटरसाठी हा सांगाडा बांधायला घेतला. तेव्हा त्याचं नाव ॲटम शेल होतं, २०१५मध्ये इलेक्ट्रॉन झालं. ज्याच्यासाठी बांधला तो एडिटर डिसेंबर २०२२मध्ये बंद पडला, सांगाडा मात्र स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल यांच्या पोटात बसून जगभर फिरतोय. म्हणजे चॅटवाल्यांनी हा भरपूर वापरलाय. आमच्यासाठी एवढी शिफारस पुरेशी होती.

पहिली चालती आवृत्ती पाच आठवड्यांत तयार झाली. मी खूश, भाचा खूश. आणि मग ती गाळ्यावर गेली.

वेबसाइट माणूस उघडतो, बघतो, बंद करतो. चॅटची खिडकी सकाळी शटर वर गेलं की उघडते ती रात्री दुकान वाढवेपर्यंत तशीच असते, आणि त्यातला बराचसा वेळ टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) मागे लपलेली असते. आमच्या जवळपास सगळ्या चुका हा एवढा फरक डोक्यात न ठेवल्यामुळे झाल्या. इलेक्ट्रॉनने काही लपवलं नव्हतं, कागदपत्रांत सगळं लिहिलेलं होतं. आम्हीच ब्राउझरच्या सवयीने वागलो.

पहिल्याच आठवड्यात फोन आला: दुपारी जेवून आलं की निरोप येत नाहीत, खिडकीवर क्लिक केलं की एकदम वीस पडतात. सर्व्हरला दर २५ सेकंदांनी "आहे, आहे" असा ठोका जायचा, आणि तो देणारा टायमर आम्ही पानात, म्हणजे रेंडरर प्रोसेसमध्ये ठेवला होता. क्रोमियम लपलेल्या पानांचे टायमर मंद करतो. पान पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेलं असलं की असे पुन्हा पुन्हा लागणारे टायमर मिनिटातून एकदाच जागे होतात. बॅटरी वाचवायला २०२१ साली आणलेली ही युक्ती, ब्राउझरसाठी अगदी शहाणपणाची. इकडे सर्व्हर समजायचा, हा गेला, आणि जोडणी तोडून मोकळा व्हायचा. खिडकीपुरतं हे मंदावणं बंद करायची सोय इलेक्ट्रॉनमध्ये आहे. पण आम्ही वेबसॉकेटच, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणीच, उचलून पानाबाहेरच्या मेन प्रोसेसमध्ये नेली. तिथे नोड चालतो, आणि खिडकी समोर आहे की मागे याचं त्याला सोयरसुतक नसतं. तेव्हापासून ही तक्रार नाही. औंधच्या मॅकचं झाकण मिटून उघडल्यावर जुनी जोडणी जिवंत असल्याचं सोंग करायची, तिथे पॉवर मॉनिटर कामाला आला. संगणक झोपेतून उठला की तो कळवतो, आम्ही जोडणी नव्याने बांधतो.

गाळ्यावरच्या दिवाणजींची गोष्ट सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा व्हायचा नाही. साठीच्या पुढचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं, संगणकावर मात्र विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड वापरतात. म्हणजे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, खाली पर्यायांची पट्टी येते, त्यातून शब्द निवडायचा. त्यांचे निरोप तुकड्या तुकड्याने येत. "हळद". मग "२५ पोती". मग "पाठवली". मला वाटलं, असेल लिहायची पद्धत. एक दिवस त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून बघितलं. प्रत्येक शब्द पक्का करायला ते एंटर दाबत होते, आणि आमचं ॲप तोच एंटर "पाठवा" समजत होतं.

"अहो, तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तारेसारखं तुकड्यानेच जात असेल, ताई. शब्दाला पैसे पडत नाहीत ना, एवढंच विचारलं होतं मी शेठना."

चार महिने! उपाय एका ओळीचा होता: की दाबल्याच्या घटनेत इझ-कंपोझिंग नावाचा गुण असतो, तो खरा असेल तर शब्द अजून जुळतोय, एंटर पाठवायचा नाही. मराठीत टाइप करून न बघता मराठी माणसांसाठी ॲप करणाऱ्या माझ्यासारखीला तो माहीत नव्हता. हिंजवडीत बारा वर्षं मी इंग्रजीतच "टेस्ट, टेस्ट" लिहीत आले.

मराठीचा दुसरा दणका नोटिफिकेशनमध्ये. कोपऱ्यात येणाऱ्या चौकटीत निरोपाची पहिली चाळीस अक्षरं दाखवायची होती. जावास्क्रिप्टमध्ये सरळ चाळिसाव्या जागी कापलं. शेठना दिसलं "५० क्" आणि पुढे तीन टिंबं. आपल्या डोळ्यांना "क्विंटल" तीन अक्षरांचा शब्द आहे. जावास्क्रिप्ट मोजतं सात: क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. मध्ये कुठेही सुरी चालते. जावास्क्रिप्टमधलाच इंटल सेगमेंटर वापरला की ते अक्षरांच्या सीमेवर कापतं. त्यातही गंमत अशी की युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिप्या लिहायच्या प्रमाणाच्या) जुन्या नियमानुसार "क्विंटल"चे चार तुकडे पडायचे, कारण हलन्तानंतर तुकडा संपला असं धरलं जाई. २०२३च्या १५.१ आवृत्तीत आपल्या जोडाक्षरांसाठी नियम आला आणि "क्विं" एकसंध झालं.

इथे इलेक्ट्रॉनच्या वजनाचा फायदा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला. ॲपसोबत अख्खा क्रोमियम जातो म्हणजे अक्षरं तोडायचे नियमही त्याच्यासोबत जातात. शेठच्या विंडोजवर, सुनेच्या मॅकवर, गोदामातल्या उबुंटूवर "क्विंटल" एकाच जागी तुटतो. फाँट आम्ही सोबत दिला आणि पानाची भाषा मराठी आहे हे सांगितलं, त्यामुळे मराठी वळणाचे ल आणि श तिन्हीकडे सारखे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसला की दिवाणजी म्हणतात, "हे कुणाचं अक्षर?"

शोधाची भानगड इलेक्ट्रॉनची नव्हती, पण चॅट ॲप करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येईल म्हणून लिहिते. निरोप एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो, शोधासाठी त्याचीच एफटीएस५ ही सोय. गाळ्यावर "मूग" शोधला की "मागे पाठवले ते", "मागे सांगितलं होतं" असे निरोप यायचे. भाचा म्हणाला, "मावशी, मुगाचा आणि मागचा काय संबंध?" संबंध असा, की त्यातला नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, अक्षरं आणि आकडे तेवढे शब्दात धरतो, आणि आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना स्पेससारखं विभाजक समजतो. मग "मूग" होतो "म" आणि "ग", "मागे"सुद्धा "म" आणि "ग". हळद आणि मटकी मात्र नीट सापडायच्या, म्हणून महिनाभर कुणाला शंका आली नाही. टोकनायझरला सांगावं लागतं की काना-मात्रांची ही चिन्हंही शब्दाचीच समजा. त्यानंतर उरला "व्यापाऱ्याला". हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर एक अदृश्य जोडणारं चिन्ह. दिसायला हुबेहूब एक, शोधायला दोन. साठवतानाच एकाचं दुसरं करून टाकतो.

एसक्यूलाइटवरून आठवलं. एसक्यूलाइट वापरायला लागतं तसं, नोडसाठी बांधलेलं सी प्लस प्लसचं मॉड्यूल इलेक्ट्रॉनमध्ये जसंच्या तसं चालत नाही, इलेक्ट्रॉनच्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावं लागतं. नाही बांधलं तर मॉड्यूल व्हर्जन जुळत नाही म्हणून लाल अक्षरांची पानंच्या पानं. दर वेळी आवृत्ती वाढवली की हे श्राद्ध आलंच.

आता मेमरी. दिवाणजींच्या संगणकात ४ जीबी रॅम. टास्क मॅनेजरमध्ये आमच्या ॲपच्या नावाने पाच ओळी दिसायच्या, कारण मेन, रेंडरर, ग्राफिक्स असा सगळा क्रोमियमचा कुटुंबकबिला वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये राहतो. सकाळी बेरीज तीनशे एमबी, संध्याकाळी सातशे. टॅली रांगायला लागायचं. शेठ म्हणाले, "दोन ओळींचे निरोप पाठवायला एवढं खातं होय?"

संध्याकाळचे चारशे एमबी आमचे होते. पट्टीचा फोटो १२ मेगापिक्सेलचा, डिस्कवर तीन-चार एमबी. पण पडद्यावर दाखवायला तो उलगडावा लागतो, आणि प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एका फोटोचे ४८ एमबी. हे आम्ही अंगठ्याएवढ्या चौकटीत पूर्ण आकाराचे फोटो घालून करत होतो, आणि सकाळपासूनचा प्रत्येक निरोप पानात जिवंत ठेवत होतो. लहान फोटो वेगळे बनवले, डोळ्यांसमोरचे निरोप तेवढे पानात ठेवले, आणि संध्याकाळचा आकडा तीनशेच्या आत आला. त्याखाली मात्र काही केल्या गेला नाही. तो इलेक्ट्रॉनचा हप्ता आहे, भरावाच लागतो. इन्स्टॉलरही नव्वद एमबीच्या घरात.

सुरक्षेवर भाच्याशी माझं भांडण झालं होतं. त्याला पानातूनच थेट फाइली उघडायच्या होत्या, काम पटकन होतं म्हणून. मी नाही म्हटलं. चॅट ॲप म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं आपल्या संगणकावर दाखवणारं यंत्र. २०१८ साली सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपमध्ये निरोपातून आलेलं एचटीएमएल चालून जाईल अशी फट सापडली होती. त्यांनी ती झटपट बुजवली. पण जिथे सिग्नलवाले चुकू शकतात तिथे बिबवेवाडीची काय कथा. इलेक्ट्रॉनच्या नव्या आवृत्त्यांत पानाला नोड हाताशी मिळत नाही आणि काँटेक्स्ट आयसोलेशन (पानाचा कोड आणि ॲपचा कोड वेगळे ठेवणं) आधीपासून चालू असतं, पानाआधी चालणाऱ्या प्रीलोड नावाच्या कोडमधून मोजकी दारं उघडायची. आम्ही सात दारं ठेवली. निरोपातली लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्येच उघडते, तीही एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच.

किरकोळ गोष्टी भराभर. दिवाणजी आयकॉनवर चार वेळा क्लिक करत, चार खिडक्या उघडत. एकच प्रत चालू ठेवायचं कुलूप इलेक्ट्रॉनमध्ये तयार आहे. न वाचलेल्या निरोपांचा आकडा मॅकवर एका ओळीत लागतो, विंडोजवर टास्कबारच्या आयकॉनवर छोटं चित्र चिकटवावं लागतं. फुली दाबली की ॲप बंद व्हावं की घड्याळापाशी जाऊन बसावं, यावर शेठ आणि सून यांचं एकमत अजून झालेलं नाही. विंडोजवर बसतं, मॅकवर मॅकच्या रीतीने वागतं.

इन्स्टॉल करणं हा वेगळाच सोहळा. डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर उघडला की विंडोज निळा पडदा आणून सावध करतं. दिवाणजींनी तो बघून संगणकाचं बटणच बंद केलं आणि फोन केला, "ताई, व्हायरस धाडलात काय?" मग सहीचं प्रमाणपत्र आलं. जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवायचा नियम झाला, म्हणून आमच्याकडे एक यूएसबी टोकन आहे. ते देवघराशेजारच्या खणात असतं. नवी आवृत्ती काढायची असली की भाचा आंघोळ करून जातो की काय असं आईला वाटतं.

एका बाबतीत मात्र इलेक्ट्रॉनने आम्हाला कोंडीत पकडलं. अकरांपैकी तीन संगणकांवर विंडोज ७ होतं. फेब्रुवारी २०२३ला आलेल्या २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ गेले, कारण क्रोमियमनेच ते सोडले. २२व्या आवृत्तीला त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त्या मिळाल्या, तेवढी मुदत. साधारण दर आठ आठवड्यांनी नवी आवृत्ती, आणि दुरुस्त्या शेवटच्या तीनच आवृत्त्यांना. आडतीच्या धंद्यात वजनकाटा वीस वर्षं चालतो, तिथे हे समजावणं म्हणजे परीक्षा. शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग?" तिन्ही संगणकांना एसएसडी, रॅम आणि विंडोज १० बसवायला सप्टेंबर उजाडला. विंडोज १०चीही मुदत ऑक्टोबर २०२५ला संपली, हे मी त्यांना चहाबरोबर हळूच सांगितलं.

टॉरी या इलेक्ट्रॉनऐवजी घेता येणाऱ्या दुसऱ्या सांगाड्याबद्दल विचारतील म्हणून सांगते. तो क्रोमियम सोबत नेत नाही, संगणकावरचंच वेबव्ह्यू (वेब पान दाखवणारा भाग) वापरतो, त्यामुळे इन्स्टॉलर काही एमबींत होतो. मागचं काम रस्ट भाषेत. भाच्याने आठवडाभर खपून आमचं ॲप त्यावर उभं केलं. विंडोजवर छान चाललं, तिथे वेबव्ह्यू क्रोमियमचाच आहे. मॅकवर मॅकच्या आवृत्तीबरोबर येईल तो वेबकिट, आणि उबुंटूवर तिथे जो असेल तो. म्हणजे तीन ठिकाणी तीन वेळा तपासणं आलं, आणि तेच टाळायला तर आम्ही या वाटेला लागलो होतो. सगळे संगणक विंडोजचे असते तर मी आज टॉरी घेतला असता. मायक्रोसॉफ्टने टीम्स इलेक्ट्रॉनवरून वेबव्ह्यूवर नेलं ते २०२३मध्ये, पण त्यांच्याकडे माणसं किती आणि आमच्याकडे किती.

गेल्या महिन्यात गाळ्यावर गेले होते. दिवाणजींना खिडकी लहान करून टॅलीच्या वरच, कोपऱ्यात कायम दिसायला हवी होती. लॅपटॉप तिथेच उघडला. सेट ऑल्वेज ऑन टॉप, एक ओळ. त्यांनी दोन दिवस वापरलं आणि फोन आला. खिडकी नेमकी टॅलीतल्या बेरजेच्या आकड्यावर येते, थोडी डावीकडे सरकवता येईल का? मी म्हटलं, माउसने ओढा. म्हणाले, "ओढली की ऑफिसातलं पोरगं परत जागेवर ठेवतं." आता खिडकीची जागा प्रत्येकाच्या नावाने लक्षात ठेवायचं काम भाच्याकडे दिलंय.